नवख्या डायव्हरने तोंड मिटून का राहावे?

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये एक मत वारंवार मांडले जाते आणि तितक्याच उत्साहाने पुढे पाठवले जाते. नवखे डायव्हर हवा लवकर संपवून साऱ्या गटाचा डाइव्ह आटोपता घ्यायला लावतात, पाण्याखाली खरा धोका त्यांच्यापासूनच असतो, आणि म्हणून शंभरेक डाइव्ह पदरी पडेपर्यंत त्यांनी तोंड मिटून जाणत्यांच्या मागे जावे, असे ते मत आहे. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, दुसरे ढोबळ आहे आणि तिसरे सरळ घातक आहे.

हवेविषयीची तक्रार खोटी नाही. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचे एकक) भरलेला असेल आणि त्यातले ५० बार राखीव ठेवायचे असतील, तर वापरायला साधारण १८०० लिटर हवा उरते. १८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या २.८ पट असतो, आणि श्वासाला हवाही तितकीच पट लागते. त्यामुळे वर असताना मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला हा साठा तिथे सुमारे ३२ मिनिटे पुरतो, तर १४ लिटरवर भागवणाऱ्याला ४६ मिनिटे. हा फरक खुपणारच. मात्र हाच नवखा डायव्हर गटाच्या जरा वरून, १२ मीटरवरून पोहत राहिला, तर त्याची हवा ४१ मिनिटांपर्यंत जाते, आणि एवढी सोय करायला कोणाचे काही बिघडत नाही. शिवाय हवा जास्त लागण्याची कारणे बहुधा कमरेला बांधलेले अनावश्यक वजन, हातांची वल्हवणी आणि धास्ती ही असतात. आपल्याकडे कोणीतरी डोळे वटारून पाहत आहे, या जाणिवेने श्वास आणखी उथळ आणि जलद होतो. म्हणजे ज्या दोषाबद्दल बोल लावायचा, तोच दोष बोल लावणारा वाढवतो.

धोक्याचे म्हणाल, तर नवख्यांच्या चुका होतात. तरंगण्यावर त्यांचा ताबा नसतो, आणि घाबरून ते झपाट्याने वर येऊ शकतात. अनुभवी माणसाच्या चुका निराळ्या असतात, कारण त्या सवयीतून येतात. माझ्या आठव्या डाइव्हच्या वेळी माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, कित्येक वर्षांचा मुरलेला होता, आणि बडी चेक, म्हणजे उतरण्याआधी एकमेकांची साधने तपासणे, त्याला वेळेचा अपव्यय वाटत होता. मी संकोचतच त्याला रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरून सिलिंडरची हवा घेण्याच्या साधनातून, दोन-तीन श्वास घ्यायला सांगितले. प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या प्रेशर गेजचा (सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या मापकाचा) काटा खाली झुकत होता आणि पुन्हा वर येत होता. सिलिंडरचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडलेला होता. पृष्ठभागावर त्यातून पुरेशी हवा मिळते, खोलवर मिळत नाही. लॉगबुकातला आकडा व्हॉल्व्ह उघडत नाही, आणि एकाच उथळ, निवळशंख जागी मारलेले शंभर डाइव्ह जोराच्या प्रवाहात फारसे कामी येत नाहीत.

तोंड मिटून राहण्याचा सल्ला मात्र डायव्हिंगच्या मूळ शिस्तीलाच छेद देतो. कोणीही, केव्हाही, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो, अशी ती शिस्त आहे. वर केलेल्या अंगठ्याचा पाण्याखालचा अर्थ ‘छान’ नसून ‘वर चला’ असा आहे, आणि त्यावर वाद घालायचा नसतो. संकोचापोटी गेज न दाखवणाऱ्याचे काय होते, ते पाहा. १८ मीटरवर ५० बार उरले, म्हणजे ६०० लिटर. मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याचा श्वास घाबरून दुप्पट झाला, तर तिथे ते पाच मिनिटांच्या थोडे वर पुरतात. आणि मिनिटाला ९ मीटरच्या गतीने वर येऊन, ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे खबरदारीचा थांबा, घेण्यास पाच मिनिटे लागतात. चढताना दाब घटतो म्हणून थोडी सवड मिळते, इतकेच.

आणि मागे यायचे म्हणजे किती खोल? ओपन वॉटर या सुरुवातीच्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. जाणता गट ३० मीटरकडे निघाला, तर तिथे हवा पृष्ठभागाच्या चौपट वेगाने संपते आणि खोलवरच्या दाबाखाली येणारी नायट्रोजनची गुंगी विचार मंदावू लागते, तीही गुंगी येते आहे हे ओळखायची सवय नसलेल्या माणसाचे. अशा वेळी बोटीवरच ‘मी १८ च्या खाली येणार नाही, माझ्यासोबत कोण राहणार?’ असे विचारणाऱ्या नवख्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे.