सलाईन लावलं का?

आज दुपारी शेजारच्या मावशींचा हात दाखवायला कॅज्युअल्टीत गेले होते. भर पावसाळ्यातली कॅज्युअल्टी, म्हणजे एका खाटेवर दोन पेशंट आणि लादीवर छत्र्यांचं पाणी. एक मुलगा, असेल चोविसेक वर्षांचा, रेसिडेंट डॉक्टरवर ओरडत होता. "अर्धा तास झाला, साधं सलाईन लावता येत नाही? बाबा गेल्यावर लावणार का?"

ती पोरगी बहुधा कालपासून झोपलीच नव्हती. काही न बोलता तिने त्याच्या वडिलांची छाती ऐकली. नख दाबून सोडलं, रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. पाय वर धरायला लावले, बीपी परत मोजलं. अहो, हेच तर चाललं होतं की! पण बाटली लटकत नव्हती ना, मग काहीच चाललं नाही.

डोकंच फिरलं माझं. ताप आला, सलाईन. चक्कर आली, सलाईन. नाक्यावरचा डॉक्टर "गरज नाही" म्हणाला की तो बिनकामाचा, पुढच्या गल्लीतला लगेच लावतो तो देवमाणूस. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत खावं म्हणतात. माझ्या बाबांचं बीपीपायी लोणचं-पापड बंद करणारे आम्हीच, आणि शिरेतून किती गेलं ते कोणी मोजलं नाही.

२०१९ चा पावसाळा, बाबांना डेंग्यू. एका नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं. ताप उतरला तसे आम्ही निर्धास्त झालो. खरं तर तेव्हाच धोका असतो. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, बीपी कोसळू शकतं, आणि तेव्हा सलाईननेच माणूस वाचतो. हे मान्य, शंभरदा मान्य. पण एक-दोन दिवसांत तेच पाणी आपलं आपण रक्तात परत येतं. मग बाटली थांबवायची असते. बाबांची चालूच राहिली. रात्री त्यांना आडवं होता येईना, बसून धापा टाकत होते, नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडत होता. जास्तीचं पाणी अंगात साचलं होतं.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या सिस्टरने स्ट्रेचर थांबायच्या आत नळीवरची चकती अंगठ्याने फिरवली. "आधी हे बंद." मग मला विचारलं, "काल दिवसभरात लघवी किती झाली?"

प्लेटलेट मला पाठ होत्या. बाटल्या किती झाल्या तेही. लघवी? माहीत नाही.

त्यानंतर मी वाचत सुटले. २०११ मध्ये युगांडा, केनिया, टांझानियातल्या तीन हजारांवर आजारी मुलांचा अभ्यास आला. ज्यांना भराभर सलाईन दिलं त्यांच्यातलीच जास्त दगावली. तिथे व्हेंटिलेटर नव्हते, मोठ्यांचं गणित वेगळं, हेही खरं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग साऱ्या अंगाला बाधतो तेव्हा, बीपी पडलं तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली द्या असं सांगतातच, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळजवळ दोन लिटर. कमी द्या असं मी म्हणतच नाहीये. प्रत्येक बाटलीनंतर पेशंटकडे बघा, एवढंच.

आणि हो, हे लिहिताना हात अडखळतोय. त्या नर्सिंग होममध्ये "अशक्तपणा आहे, अजून एक लावा ना डॉक्टर" असं म्हणणारी मीच होते. दोनदा म्हणाले. डॉक्टरांनी ऐकायला नको होतं. पण मागितलं मीच. बाबा आठवड्याने घरी आले. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

आज त्या पोरीने शेवटी एक बाटली लावली आणि पंधरा मिनिटांनी परत येऊन छाती ऐकली. मुलगा तोवर फोनवर, "हो गं आई, लावलं सलाईन." त्याचा राग गेला होता, नुसता घाबरलेला दिसत होता. मी बाजूला जाऊन हळूच विचारलं, "बाळा, सकाळपासून बाबांना लघवी किती झाली?"

मी वेडी असल्यासारखं बघितलं त्याने माझ्याकडे. मग खाटेकडे गेला आणि वाकून वडिलांना काहीतरी विचारू लागला.