शाळाबाह्य

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एप्रिलपासून माझं नाव न घेता माझी चर्चा चालू आहे. ‘तिकडचं खूळ’, ‘फॉरेनचे चोचले’, ‘ज्याच्या घरी एसी त्यानं करावं हे’ असं कोणीतरी टाकतं. मग काकू घाईघाईने गजानन महाराजांचा फोटो टाकते आणि दिवस पुढे सरकतो. तिकडचं म्हणजे माझ्याकडचं, अमेरिकेतलं. आणि खूळ असं की, यवतमाळच्या कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या वहिनीने जाहीर केलं, आठ वर्षांच्या लेकीला यंदा कॉन्व्हेंटात पाठवणार नाही, घरीच शिकवणार.

(विदर्भाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की नन शोधू नका. टिनाच्या शेडखाली टाय लावलेली पोरं बसवली की झालं कॉन्व्हेंट.)

निमित्त विहिरीचं. शाळेने पाण्यावर प्रोजेक्ट दिलं, विहिरीचं चित्र चिकटवून आणा. दादाने तालुक्याला जाऊन झेरॉक्सच्या दुकानातून दहा रुपयांत विहिरीचा रंगीत प्रिंट आणला. लाल कौलांचं छप्पर, लाकडी बादली, बाजूला फुलं. आमची विहीर दारापासून चाळीस पावलांवर आहे. वहिनी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे, अमरावती विद्यापीठाची. ती त्या रात्री काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन केला, ‘ताई, तुम्ही पोरांना कोणती पुस्तकं घेता हो?’

एवढाच माझा गुन्हा. मी पुस्तकांची नावं सांगितली.

मी टेक्सासातल्या प्लेनोत राहते. दोन्ही मुलांना चार वर्षांपासून घरी शिकवते. टेक्सासात त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. घरातली शाळा ही खाजगी शाळाच, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली कायम केलं. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व, एवढे पाच विषय शिकवा. ना नोंदणी, ना हजेरी, ना तपासायला येणारे केंद्रप्रमुख. हे मी वहिनीला जरा ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, ‘यात विज्ञान नाही?’ मी विषय बदलला.

ग्रुपवरच्या मंडळींचा मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. अभ्यासक्रम आईने निवडायचा म्हटलं की यांना हसू फुटतं. आणि राज्य काय करत होतं? पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, असा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, जूनमध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. तिकडे सीबीएसईच्या धर्तीवरचा नवा अभ्यासक्रम पहिलीला येऊन बसला. परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या तेव्हा विदर्भातल्या मास्तरांनी ओरड केली की बाप्पा, एप्रिलअखेर आमच्याकडे पोरं भाजून निघतात. शाळाही आमच्याकडे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात, ते ऊन पाहूनच. म्हणजे एकच वेळापत्रक सगळ्यांना चालत नाही, हे सरकारलाही कळतं. तीन महिन्यांत राज्याने मत बदललं तर ते धोरण, वहिनीने बदललं तर ते खूळ.

माझ्या पोरांच्या शाळेचं कॅलेंडर मी ठरवते. ऑगस्टात डॅलसलाही चाळीस अंश असतात, पण इथलं ऊन गाडीपासून दारापर्यंतचं. जून-जुलैत लायब्ररीचं समर रीडिंग असतं, शेजारची बाई व्हीबीएसचं, म्हणजे चर्चच्या सुट्टीतल्या बायबल शाळेचं, आमंत्रण देते (आम्ही एकदाच गेलो), को-ऑपमधल्या, म्हणजे घरी शिकवणाऱ्यांच्या गटातल्या, आया मिळून गुरुवारी विज्ञानाचे प्रयोग घेतात. बाकी कॅम्प आहेत, आठवड्याला तीनशे-साडेतीनशे डॉलरचे. आणि ‘फन समर’ लिहिलेले खोके आहेत. एका उन्हाळ्यात मी तीस डॉलरला एक खोका घेतला. आत प्लॅस्टिकचा ट्रे, घेवड्याच्या चार बिया आणि पिशवीत बांधलेली माती. सात एकर कोरडवाहूच्या घरची पोरगी मी, माती विकत घेतली. हे ग्रुपवर कधी सांगितलं नाही.

गॅरेजमधलं अभ्यासक्रमांचं कपाटही सांगितलेलं नाही. सॅक्सन मॅथ अर्धं झालं, कंटाळा आला म्हणून सिंगापूर मॅथ घेतलं, मोठ्याला ते सोपं वाटलं म्हणून बीस्ट अकॅडमी आणलं. अबेकाचं इंग्रजी घेतलं तर पानोपानी बायबल, ते जुन्या पुस्तकांच्या विक्रीत काढून टाकलं. शार्लट मेसन, क्लासिकल, अनस्कूलिंग, घरी शिकवण्याच्या प्रत्येक पंथाच्या बाया भेटल्या आणि प्रत्येकीचं बोलणं त्या दिवसापुरतं पटलं. अभ्यासक्रम निवडणं म्हणजे लग्नाचं स्थळ पाहण्यासारखं आहे. जे घेतलं त्यापेक्षा सोडलेलं चांगलं होतं असं वाटत राहतं. २०२६-२७ पासून घरी शिकवणाऱ्यांनाही वर्षाला २००० डॉलरपर्यंत मिळू शकतील, असा कायदा टेक्सासने २०२५ मध्ये केला. कपाट आणखी भरेल.

वहिनीने यातलं काही घेतलं नाही. तिने उन्हाळा कसा घालवला ते मला फोटोंवरून कळलं. दर रविवारी माय-लेकी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायच्या. पाणी एप्रिलच्या सुरुवातीला १९ हातांवर होतं, मेअखेर २६ वर. चौकटीच्या वहीत त्याचा आलेख आहे, खाली खाली जाणारा, आणि एका रविवारच्या टिंबापुढे पोरीने लिहिलं आहे, ‘आज शेजारच्यांनी मोटर लावली.’ कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घातले, तर रोज वास घेऊन वहीत नोंद. पहिल्या दिवशी ‘ओला’, दुसऱ्या दिवशी ‘दह्यासारखा’, तिसऱ्या दिवशी ‘छी’. मग त्या ‘छी’वरून आंबणं शिकवलं. शेकडेवारीला तिने २०२४-२५ च्या हंगामाची कापसाची पावती काढली. हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये, आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूरा भाव, पुढे टक्क्याला टक्का कपात, बारावर गेलं की गाडी परत. आपला कापूस दहा टक्के निघाला, तर किती कापले? पोरीने १५० रुपये ४२ पैसे काढले आणि विचारलं, ‘ओलं होतं म्हणून वजन जास्त भरलं असंन ना, मंग कापलं तर काय झालं?’ दादाला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. माझ्या कपाटात असं एकही गणित नाही.

म्हणून मी चवताळून ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. की बाबांनो, हे अमेरिकेतून आलेलं नाही, वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद भरवली, झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला, हाताने काम करत शिकायचं, मातृभाषेत शिकायचं. टकळीवर सूत मोजताना गणित. वहिनी तेच तर करून राहिली आहे. घरापासून दोन तासांवरचं विसरता आणि मला फॉरेन म्हणता?

या मेसेजवर मी खूश होते. चौदा अंगठे आले. मग बाबांचा फोन आला.

बाबा जिल्हा परिषदेचे रिटायर्ड गुरुजी. ग्रुपवर लिहीत नाहीत, फक्त वाचतात. म्हणाले, ‘बाई, गांधीचं नाव घेतलं ते बरं केलं. पण ते शाळा होती ना वं? टकळी घेऊन पोट्टे एका ओळीत बसत. कोणाचं पोट्टं कोणाच्या बाजूला, हे पाहाचं नाही, हाच तर धडा होता. तुया घरी वळीत कोण बसते?’

मी म्हटलं, को-ऑप आहे.

‘तिथं पारध्याचं पोट्टं येते का?’

माझ्या को-ऑपमध्ये सगळ्यांकडे मिनीव्हॅन आहे. बाबांच्या शाळेत एका टाटपट्टीवर पाटलाची, पारध्यांच्या बेड्यावरची, बौद्धवाड्यातली पोरं बसत आणि एकाच गंजातली खिचडी खात. ही पंगत बसवायला त्यांना कोणाकोणाशी भांडावं लागलं, ते मी लहानपणी ओसरीवर बसून ऐकलेलं आहे. पण फोनवर मी ते कबूल केलं नाही. तुमच्या शाळेत तरी आता कुठे आहे सगळ्यांची पोरं, पाटलाची तर केव्हाच कॉन्व्हेंटात गेली, असं म्हटलं. बाबा म्हणाले, ‘हो, तेच म्हणून राह्यलो.’ आणि ठेवला.

आमची पोरं समाजात मिसळत नाहीत असं नाही. रविवारी मराठी शाळेत जायचीच. एका मिडल स्कूलच्या भाड्याच्या खोलीत ती भरायची. एकदा धाकट्याने ‘हे मायं दप्तर’ म्हटलं आणि शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर हसून त्याच्याकडून ‘माझं’ पाच वेळा म्हणवून घेतलं. तो घरी येऊन मला म्हणाला, ‘आई, तुला चुकीचं मराठी येतं.’ पुढच्या रविवारी आम्ही गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुलांना घरी का शिकवता असं कोणी विचारलं तर मी गणिताचं सांगते, मुलांच्या गतीचं सांगते. ‘मायं’चं सांगत नाही.

आणि हेही नाही सांगत की मी डी.एड. केलं तेव्हा शिक्षक भरतीच बंद होती. वाट पाहण्यात वर्षं गेली, मग लग्न, मग एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेला व्हिसा. एच-फोरवर मला नोकरी करता येत नाही हे बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले होते. आमच्याकडे एच-४ म्हणजे कपाशी, १९७० साली सुरतेहून निघालेलं संकरित वाण. ‘लय पिकलं ते,’ म्हणाले. ‘पण त्याची सरकी ठेवून पुढल्या साली पेरता येत नाही. दरसाल नवं आणा लागे.’ मी तेव्हा यांच्या व्हिसाच्या मुदतवाढीची कागदं जमवत होते.

तर खरं म्हणजे पोरांना शाळेतून काढलं ते पोरांसाठी किती आणि मला एक वर्ग हवा होता म्हणून किती, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. सकाळी साडेआठला जेवणाच्या टेबलाशी उभी राहून मी हजेरी घेते. दोन नावं. टेक्सास मागत नाही तरी घेते.

वहिनीच्या बंडाचं काय झालं, ते मला सगळ्यात शेवटी कळलं. सहा ते चौदा वयाचं मूल महिनाभर शाळेत दिसलं नाही की सर्वेक्षणात ‘शाळाबाह्य’ लिहिलं जातं, हे तिला माहीत होतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची अ, ब, क पातळी, म्हणजे तिसरी, पाचवी, आठवी, तीही तिने पाहून ठेवली होती. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म आहेच. मी तिला सगळे दाखले देत होते, लढ म्हणत होते. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि तिने पोरीचं नाव गावातल्या झेडपीच्या शाळेत घातलं. पट १७ होता, १८ झाला. वीसच्या खाली पट म्हणजे शाळा कधीही दुसरीकडे जोडतील ही टांगती तलवार. बाबांनी तेवढंच सांगितलं म्हणे तिला. खिचडीनंतर दुपारी पोरगी घरी येते आणि मग विहीर, आलेख, पावत्या. गुरुजींनाही चालतं. आता ते बाकीच्या पोरांनाही विहिरीवर आणतात.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला राग आला. तह झाला आणि मला कोणी विचारलं नाही. तीन महिने ग्रुपवर ज्यांच्यासाठी मी भांडले त्यांनी ओसरीवर बसून चहा पिता पिता मिटवून टाकलं, आणि ‘तिकडचं’ तिकडेच राहिलं.

सध्या मी धाकट्याला बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यास शिकवते. ते जिल्ह्यागणिक वेगळं निघतं. मी यवतमाळचं घेतलं आहे. फुकट डाउनलोड होतं, प्रिंट काढून स्पायरल केलं. सोळा तालुके त्याला पाठ आहेत. बाबांना या घरच्या शाळेचं काही पटत नाही, पण पेपर तेच तपासतात. इथे संध्याकाळी साडेसात वाजता मी वहीचा फोटो पाठवते, तिथे सकाळचे सहा वाजलेले असतात, आणि चहाच्या आधी लाल पेनने गुण येतात. गेल्या आठवड्यात प्रश्न होता, आपल्या जिल्ह्यातील तीन नद्या लिहा. पोराने लिहिलं: वर्धा, पैनगंगा, ट्रिनिटी.

बाबांनी ट्रिनिटी खोडली. तीनपैकी दोन.

मी फोन केला. म्हटलं, बाबा, त्याने ‘आपल्या’ असं वाचलं. ट्रिनिटीवरच्या पुलावरून आम्ही दर महिन्याला जातो. पैनगंगा त्याने पाहिलेली नाही. एक गुण द्यायला काय हरकत होती?

‘हरकत नाही,’ बाबा म्हणाले. ‘मंग पुस्तक तिथलं घे.’

मागे कोंबडा ओरडत होता. वहिनी कोणाला तरी दोरी आण म्हणून सांगत होती. मी म्हटलं, उद्या पुढचा धडा पाठवते.