रीस्टार्ट करण्याआधी दिवे बघा

नेट गेलं की आपल्याकडे पहिला हात राउटरच्या पिनेकडे जातो. पिन काढायची, दहा आकडे मोजायचे, परत लावायची. कधी चालू होतं, कधी नाही. झालंच तर तासाभरानं पुन्हा तेच. मग केबलवाल्याला फोन, "दादा, नेट जाऊन राहिलं." तो पोरगा तालुक्याहून २५-३० किलोमीटर गाडी हाणत येतो, तोवर सगळे दिवे हिरवे झालेले असतात. "चालू तर आहे काका," म्हणतो आणि निघून जातो. महाडीबीटीचा फॉर्म अर्धवट, पोरीचा ऑनलाइन पेपर अर्धवट.

या सवयीबद्दल माझं मत पक्कं आहे. घाईनं केलेलं रीस्टार्ट म्हणजे पुरावा पुसणं. बिघाड नेमका कुठं आहे हे दोन गोष्टी सांगतात, दिवे आणि अपटाइम (राउटर किती वेळ सलग चालू आहे तो आकडा), आणि पिन काढली की दोन्ही जातात. म्हणून आधी मोबाइलनं राउटरच्या दिव्यांचा फोटो काढा. मग पिनेला हात लावा.

दिवे वाचायला इंजिनीअर लागत नाही. फायबरच्या डब्यावर, म्हणजे राउटरवर, पॉवर, पॉन (ऑपरेटरच्या मशीनशी जोडणीचा), एलओएस (सिग्नल गेल्याचा), इंटरनेट आणि वायफाय असे दिवे असतात. एलओएस लाल लुकलुकतोय म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही. तार तुटली, दबली किंवा टोक निसटलं. एलओएस बंद आहे पण पॉन थांबायचं नाव न घेता लुकलुकतोय, म्हणजे प्रकाश येतो पण फार कमकुवत, किंवा पलीकडचं मशीन तुमचा डबा ओळखत नाही. पॉन स्थिर हिरवा आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल असेल तर तुमच्या घरापर्यंतची तार ठीक आहे, प्लॅन संपलाय, लॉगिन अडकलंय किंवा ऑपरेटरच्या मागची लाइन गेलीय. आणि सगळं हिरवं असून मोबाइलवर काही उघडत नसेल तर भांडण बहुतेक घरातल्या वायफायशी आहे, केबलवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

अपटाइम म्हणजे डबा शेवटचा सुरू झाल्यापासून किती वेळ चालतोय ते. मोबाइल वायफायला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (खरा पत्ता आणि पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर असतो), डिव्हाइस इन्फर्मेशन उघडा. कालपासून कुणी हात लावला नाही आणि अपटाइम १४ मिनिटं दाखवतोय, म्हणजे डबा आपोआप बंद-चालू झालाय. दोष बहुतेक विजेचा. अपटाइम सहा दिवस आणि नेट मात्र मघाशी गेलं होतं, म्हणजे दोष तारेचा किंवा त्याच्याही पुढचा. या एका आकड्यानं अर्धं गाव शोधायचं वाचतं.

आता विजेचं. ग्रामीण विदर्भात मला हीच सगळ्यात मोठी भानगड वाटते, आणि सगळ्यात जास्त चुकीचे पैसे इथंच जातात. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, आणि गावठाण व शेतीचा फीडर (वीजवाहिनी) अजून एकच असेल, तर व्होल्टेज १७०-१८० वर येतं. लोक राउटरसाठी स्टॅबिलायझर घेतात. गरज नाही. ॲडॉप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, इनपुट १०० ते २४० व्होल्ट. १७० त्याला चालतात. त्याला चालत नाही तो झटका. लाइट क्षणभर जाऊन आली की पंख्याला कळतही नाही, पण डबा बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. दिवसात असे दहा झटके म्हणजे अर्धा तास गेला.

यावर खरा इलाज राउटरचा छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट जुळवा, अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत, पिनही तीच बसली पाहिजे. आत २,००० एमएएचचे तीन सेल असतील तर साधारण २२ वॉट-तास होतात. डबा ८-१० वॉट खातो, म्हणजे दोनेक तास चालेल. दुकानदार आठ तास सांगत असेल तर सेल किती आणि केवढे ते विचारा. घरी इन्व्हर्टर असेल तर बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक स्विच असतो, तो यूपीएस मोडवर ठेवला की लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला लागणारा क्षण कमी होतो.

ॲडॉप्टर स्वतःही मरतो, आणि हळूहळू मरतो. आतला कपॅसिटर उन्हाळ्यात वाळतो. मीटर लावला तर १२ व्होल्ट पूर्ण दिसतात, पण भार आला की ते ९-१० वर कोसळतात. ओळख अशी, एक मोबाइल चालतो तोवर ठीक, चार मोबाइल आणि टीव्ही जोडला की डबा रीस्टार्ट. असं असेल तर आधी ॲडॉप्टर बदलून बघा. राउटर फेकायला घाई करू नका.

उष्णतेचं वेगळं सांगतो. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या पट्ट्यात मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जातं आणि टिनाच्या खाली घरातच ४० पार होतात. दुपारी एक ते चार नेट जात असेल आणि रात्री बिनतक्रार चालत असेल तर डबा हातानं शिवून बघा. कपाटातून, टीव्हीच्या मागून, फ्रीजच्या डोक्यावरून काढा. भिंतीवर उभा लावा. टेबलावरच ठेवायचा असेल तर खाली पाण्याच्या बाटलीची चार झाकणं ठेवा, हवा खालून जाते. फक्त कूलरच्या झोतात ठेवू नका, त्या ओल्या हवेनं ॲडॉप्टरची पिन गंजते. आणि राउटर व खाटेच्या मध्ये लोखंडी कूलर आला तर पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नल खातात.

तारेकडे येऊ. डब्याच्या पानावर ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर म्हणून उणे आकडा असतो, डब्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाची ताकद. उणे १५ ते उणे २५ डीबीएम (हे प्रकाशाचं माप) चांगला. उणे २७ च्या आसपास डबा धापा टाकतो, त्याखाली लाल दिवा. नेट नीट चालत असतानाचा आकडा आजच कागदावर लिहून डब्याच्या मागे चिकटवा. हे काम कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त कामाचं हेच आहे. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. कागदावर उणे २१ आहे आणि आज उणे २६ दिसतोय, म्हणजे एक तृतीयांशच प्रकाश उरला, जरी नेट अजून चालू असलं तरी.

तो प्रकाश जातो कुठं? घरात पिवळी तार खिळ्याला गुंडाळलेली असते तिथं. बांगडीपेक्षा लहान वळण तिला देऊ नका. बाहेर काळी तार टिनाच्या कडेवर घासते, वानरं तिच्यावर झोके घेतात, पऱ्हाटी किंवा कुटार भरलेली ट्रॉली गल्लीतून जाताना ती ओढते. रस्ता ओलांडणारी तार १८-२० फुटांवर हवी, असा आग्रह धरा. पहिला पाऊस पडला की नेट जात असेल तर खांबावरच्या जॉइंटच्या डबीत पाणी शिरतंय. वारा सुटला की जात असेल तर बहुतेक तारेच्या टोकाचा फास्ट कनेक्टर ढिला आहे. हा कनेक्टर हातानं दाबून बसवतात, मशीन लागत नाही, म्हणून स्वस्त. उन्हानं तो सैल पडतो. त्याच जागी स्प्लायसिंग मशीननं (ते तारेची टोकं वितळवून जोडतं) जोड करून मागा, वर्षानुवर्षं टिकतो. आणि हिरवं टोक निळ्यात बसवू नका. हिरव्याचं तोंड आठ अंश तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते. टोक सदऱ्याला पुसू नका. त्याला डोळा तर अजिबात लावू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

घर दीड-दोन फुटी मातीच्या भिंतींचं असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड त्याच खोलीत वापरा, बाहेर २.४ गिगाहर्ट्झ, चॅनल १, ६ किंवा ११. मागच्या खोलीसाठी रिपीटरपेक्षा लॅन केबल बरी. घेताना आतली एक तार ब्लेडनं खरवडा. पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, घेऊ नका.

संध्याकाळी आठ ते दहा नेट रांगतं आणि पहाटे पळतं, ही तक्रार गावोगाव आहे. लॅपटॉप लॅन केबलनं जोडा, तीन दिवस सकाळी सहा आणि रात्री नऊला स्पीड मोजा, लिहून ठेवा. फरक मोठा असेल तर ऑपरेटरनं मागून लाइन कमी घेतलीय, आणि मोठा प्लॅन घेऊन ती रुंद होत नाही. हे सहा आकडे घेऊन पाच घरांनी मिळून बोललं तर ऐकलं जातं. तसंच तुमच्या यूपीएसवर डबा चालू असूनही लाइट गेली की नेट जातं का, हे बघा. जात असेल तर गावात कुणाच्या तरी बोर्डावर ऑपरेटरचा स्विच (नेट पुढे वाटणारा डबा) बॅटरीशिवाय लटकतोय. एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, स्विचला लागते. तिथं बॅटरी बसवणं हे ऑपरेटरचं काम आहे, आणि ते मागायला संकोच नको.

मृगाच्या आधीपासून विजा सुरू होतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा. गडगडाट ऐकू येण्याआधीच ॲडॉप्टर बोर्डातून काढा आणि लॅन केबलही. ती राहिली तर राउटरसोबत टीव्हीही जातो. पिवळी फायबर काढू नका, काच वीज वाहत नाही, उलट काढ-घालीत टोकाला धूळ बसते. कडकडाट सुरू झाला असेल तर मात्र पिनेपाशी जाऊच नका, जळाला तर जळू द्या.

तक्रार करताना फोननंतर व्हॉट्सॲपही करा आणि तक्रार क्रमांक मागा. मजकूर असा: "दादा, आज दुपारी २.१० ला नेट गेलं. एलओएस बंद, पॉन लुकलुकतो, फोटो पाठवला. अपटाइम ४ दिवस, म्हणजे लाइटचा प्रश्न नाही. आरएक्स उणे २७, मागच्या महिन्यात उणे २१ होता. शेजारी चालू आहे. येताना पॉवर मीटर आणि स्प्लायसिंग मशीन आणा." शेजाऱ्याचं चालू आहे हे वाक्य विसरू नका, त्यावरून त्याला कळतं की खांबापासून तुमच्या घरापर्यंतच बघायचं आहे. तो आला की आधी खांबावरच्या डबीत पॉवर मीटर (प्रकाश मोजणारा) लावायला सांगा, मग घरात. दोन्ही आकड्यांत १ डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर दोष त्या मधल्या तारेत आहे, मग वरून टेप गुंडाळून घेऊ नका, तार बदलून घ्या. जाण्याआधी नवा आकडा त्याच्याच हातानं त्या कागदावर, तारखेसह, लिहून घ्या.