'ते सगळं थिअरीत ठीक आहे हो'

पोस्ट लांब आहे. सुट्टीच्या दिवशी वाचा.

शाळेत नवीन रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला फुकट मिळतो. "डीएडला काय शिकलात ते विसरा आता. इथं वेगळं असतं." सांगणारे गुरुजी वाईट नसतात. बहुतेकदा वर्गावर चांगली पकड असलेले, पोरांचे लाडके असतात. तिकडे चर्चासत्रात प्राध्यापक मंडळी बरोबर उलटं बोलतात. शिक्षक संशोधन वाचत नाहीत, जुनंच गिरवत बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करता करता मी मुक्त विद्यापीठातून एम.ए. शिक्षणशास्त्र केलं, त्यामुळे दोन्हीकडची वाक्यं पोटभर ऐकलीत. दोन्ही मला पटत नाहीत.

आधी हे बघू, की कॉलेजात थिअरी म्हणून आपल्याला काय मिळतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठ शिकवायच्या ठरलेल्या पाच पायऱ्या. मुळात हर्बार्टनं पायऱ्या चारच सांगितल्या होत्या, पाच झाल्या त्या त्याच्या अनुयायांच्या हातून. हा माणूस १८४१ साली वारला आणि त्याच्या नावाच्या पायऱ्यांचे रकाने आखून आपण अजून पाठाची टाचणं लिहितो. मग सूक्ष्म अध्यापन, म्हणजे शिकवण्याच्या एकेका कौशल्याचा छोटा सराव. समोर आपलेच मित्रमैत्रिणी 'विद्यार्थी' होऊन बसतात, मुद्दाम सोपी उत्तरं देतात, आणि आपण 'प्रबलन कौशल्य' म्हणून "शाब्बास!" म्हणतो. सराव पाठाला मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले, म्हणून पोरं चिडीचूप. याला थिअरी म्हणायचं असेल तर ती विसरा असं सांगणारे गुरुजी बरोबरच आहेत. पण ही थिअरी नव्हे, हा विधी आहे. एखादी कल्पना खऱ्या पोरांपुढं नेऊन 'चालते का, नसेल तर का नाही' असं तिला कुणी विचारलंच नाही, तर तिचं कर्मकांडच होणार.

विचारलं की काय होतं, ते बघायला फार लांब जायला नको. माँटेसरीबाई पेशानं डॉक्टर. १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, काढली. त्यांची शिकवायची पद्धत भावनगरला बालशिक्षणात काम करणाऱ्या गिजुभाईंकडे आली आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ती डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला नेली. अनुताई वाघ तिथंच येऊन मिळाल्या, पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांतल्या पोरांपुढं माँटेसरीची ती सुबक, महागडी साधनं चालणार नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. पोरं शाळेत येईनात, तर शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. मोठी पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की या बायकांनी 'इथं वेगळं असतं' म्हणून माँटेसरी फेकून दिली नाही. मूल हातांनी शिकतं, स्वतःच्या गतीनं शिकतं, हा गाभा ठेवला आणि बाकी सगळं बदललं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला थिअरी नीट कळलेली लागते. पाठ केलेली थिअरी तिथं उपयोगाची नाही.

आता दुसरी बाजू, कारण आम्हा शिक्षकांनाही अनुभवाचा फार गर्व असतो. अनुभवाची एक मोठी अडचण आहे. जे समोर येतं तेवढंच त्याला दिसतं. उदाहरण आरोग्याचं देतो. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं दोन गावांतल्या सुमारे साडेसहाशे बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास निघाला. १९८९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला हे कधी कळलं नसतं, कारण यातल्या बहुतेक जणी दवाखान्यात गेल्याच नव्हत्या. मग त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, गरज पडली तर इंजेक्शन द्यायलासुद्धा. नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरले, आणि १९९९ मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. काम करणारे आणि मोजणारे तिथं वेगळे नव्हते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते त्यामागं हे काम आहे.

आमचंही असंच आहे. चौथीतून गेलेलं पोर सातवीत गळालं तर ते आमच्या अनुभवात नोंदलंच जात नाही. आमच्या आठवणीत राहतात ती पेढे घेऊन भेटायला येणारी पोरं.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो मुद्दा. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं मुंबईत 'बालसखी' सुरू केली होती. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागं राहिलेल्या पंधरा-वीस पोरांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची. अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात याची रीतसर चाचणी घेतली. पोरं खरंच पुढं गेली. २०१९ च्या नोबेलची बातमी आपण सगळ्यांनी वाचली, ती यातल्याच बॅनर्जी-डफ्लोंची.

पण खरी गंमत पुढं आहे. हीच पद्धत सरकारी शिक्षकांना शिकवली तर? बिहारमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पुस्तकं दिली. शाळेच्या नेहमीच्या दिवसांत जवळजवळ काहीच बदललं नाही. इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल, 'बघा, सरकारी मास्तर असेच.' पण त्याच बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात महिनाभर शिबिरं झाली, शिकवणारे सरकारी शिक्षकच होते, आणि तिथं पोरं वाचायला लागली! म्हणजे मास्तरांना येत होतं. वर्ष सुरू झालं की अभ्यासक्रम 'पूर्ण' करायचा असतो आणि ते करता करता या कामाला जागाच उरत नव्हती. नंतर हरियाणात २०१२-१३ मध्ये रोजचा एक तास फक्त यासाठी काढून ठेवला, तिसरी ते पाचवीची पोरं इयत्तेप्रमाणे न बसवता वाचन येतं त्या पातळीप्रमाणे बसवली, आणि वर्गात येऊन बघणारी, मदत करणारी माणसं दिली. हिंदी वाचन सुधारलं.

इतकी प्रशिक्षणं केली, त्यांत मला हे कुणी सांगितलं नाही. 'पातळीनुसार गट करा' हे सांगतात. संशोधनाचा तेवढा अर्धा भाग खाली येतो. तास मोकळा करून द्या, कुणीतरी वर्गात येऊन बसा, हा उरलेला अर्धा वरच्यांनी करायचा असतो. तो मात्र वरच राहतो.

त्याच हरियाणाच्या अभ्यासात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही, म्हणजे फक्त परीक्षेवर न थांबता वर्षभर मुलांच्या नोंदी ठेवणं, तपासलं होतं. पोरांच्या शिकण्यावर परिणाम शून्य. आपल्याकडे हे २०१० पासून आहे, आणि तेव्हापासून वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्यांचा धंदाही जोरात आहे. 'वाचनाची आवड आहे', 'गटात सहकार्य करतो'. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते, उतरवून काढायची. कल्पना वाईट नव्हती हो. मुलाकडे रोज बघा, लिहा, त्यावरून उद्याचा पाठ बदला. पण तपासायला येणारा माणूस वही भरली का एवढंच बघतो. मग वही भरते.

कृतिसंशोधनाचंही तेच झालं. शिक्षकानं स्वतःच्या वर्गातला प्रश्न घ्यावा, उपाय करून बघावा, पुन्हा बघावं, इतकं साधं आणि सुंदर काम. आपल्याकडे त्याची प्रकरणं पाच, परिशिष्टं आणि चकचकीत मुखपृष्ठ. आणि दरवेळी उपाय यशस्वी! माझ्या वाचनात आजवर एकही असा अहवाल आला नाही ज्यात लिहिलंय की केलं ते चाललं नाही. फसलेला प्रयोग लिहायची सोय नसेल तर त्याला संशोधन का म्हणायचं?

कुणी म्हणेल, शिक्षकाला वेळ कुठाय? मान्य. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करतं. प्रत्यक्षात काय काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे, यादी देऊन कुणाची रजा संपवत नाही.

तरी एक जागा आपल्याच हातात आहे. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. दर महिन्याला भरते. पत्रकं वाचली जातात, पोर्टलच्या माहितीच्या मुदती सांगितल्या जातात, चहा होतो. जपानमधले शिक्षक एक पाठ मिळून तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून पोरांकडे बघतात आणि मग त्यावर तास-दीड तास बोलतात. शिकवणाऱ्यावर शेरे मारत नाहीत, पोरं कुठं अडली त्यावर बोलतात. आपल्याला एवढं एकदम जमणार नाही. पण पत्रकं ग्रुपवर वाचता येतात. तो वेळ काढून प्रत्येकानं हातच्याच्या वजाबाकीत चुकलेल्या पोरांच्या चार-पाच वह्या आणल्या आणि 'या पोरानं असं का केलं असेल' एवढ्यावर बोललो तर? आमच्या केंद्रप्रमुख मॅडमना विचारलंय. "पुढच्या महिन्यात बघू, या महिन्यात यू-डायस आहे," म्हणाल्या. (यू-डायस म्हणजे शाळांची माहिती भरायचं सरकारी काम.)

तुमच्या केंद्रात कुणी असं काही करत असेल तर खाली लिहा. फसलं असेल तर आधी लिहा.