क्रेग-इ-नोस हा मुलांच्या छळासाठी वापरलेला किल्ला नव्हता

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर नुकताच माझ्या ताईपर्यंत पोहोचला आणि ती घाबरून गेली, कारण तिची मुलगी वेल्समधील स्वान्झी येथे शिकते. स्वान्झीच्या उत्तरेला, तावे नदीच्या खोऱ्यात असलेला क्रेग-इ-नोस हा मध्ययुगीन किल्ला अदेलिना पत्ती या ऑपेरा गायिकेने सरकारला दान केला, रुग्णालयाने तिचे नाट्यगृह पाडले, क्षयरोगी मुलांना प्रयोगासाठी बर्फात उघड्या सज्ज्यांवर ठेवले आणि हे उघडकीस येताच १९५९ साली सरकारने वास्तूला टाळे ठोकले, असे त्यात म्हटले आहे. शेवटी भुतेही जोडली आहेत. त्यांवर शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

किल्ल्याची गोष्ट तर वास्तुरचनेच्या प्राथमिक माहितीवरच कोसळते. ही इमारत टॉमस हेन्री वायट या वास्तुविशारदाने १८४० च्या दशकाच्या आरंभी पॉवेल कुटुंबासाठी बांधलेले राहते घर आहे. तिच्या माथ्यावरचे दंतुर कठडे त्या काळच्या श्रीमंतांच्या हौसेचे आहेत; त्यांआडून कोणी लढाई केलेली नाही. पत्तीने हे घर १८७८ साली विकत घेतले आणि पुढे नवे भाग जोडून ते वाढवले.

नाट्यगृह पाडल्याचा दावा मात्र संतापजनक आहे, कारण ते आजही उभे आहे आणि वेल्समधील सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूंत त्याची नोंद आहे. १८९१ साली उघडलेल्या या सुमारे १५० आसनांच्या नाट्यगृहाची जमीन प्रयोगाच्या वेळी रंगमंचाकडे उतरती ठेवता येई आणि नृत्याच्या वेळी यंत्राने उचलून रंगमंचाच्या पातळीला आणता येई. रंगमंचाच्या पडद्यावर रथ हाकणाऱ्या सेमिरामिदेच्या, म्हणजे रोसिनीच्या ऑपेरातील राणीच्या, वेशातील पत्तीचे चित्र आहे. हे सारे रुग्णालयाच्या सहा दशकांतून टिकले.

दानाविषयी अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागते. पत्तीने आपले काचेचे हिवाळी उद्यानगृह स्वान्झी शहराला दिले. ते उखडून व्हिक्टोरिया पार्कमध्ये उभारण्यात आले आणि आज पत्ती पॅव्हिलियन म्हणून ओळखले जाते. घर मात्र तिच्या मृत्यूनंतर, १९२१ साली, क्षयरोगाविरुद्ध काम करणाऱ्या वेल्श नॅशनल मेमोरियल असोसिएशनने विकत घेतले.

आता सर्वांत घातक मुद्दा. सज्ज्यांवर खाटा होत्या आणि पांघरुणांवर बर्फ पडत असे, हे खरे आहे. परंतु स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरील औषधाचा शोध १९४३ सालचा आहे. त्यापूर्वी क्षयाच्या जंतूला मारणारे खात्रीचे औषध डॉक्टरांच्या हाती नव्हते, म्हणून विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा हाच सर्वत्र मान्य असलेला उपचार होता. म्हणूनच या घराचे सज्जे आणि घरालाच जोडून राहिलेले दुसरे काचगृह हेच वॉर्ड झाले. आपल्याकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम उभारले, तेही हवेच्या याच भरवशावर. या उपचाराला गुप्त प्रयोग म्हणणे हा त्या काळच्या परिचारिकांवर अन्याय आहे, आणि आजही क्षयाचे उपचार घेणाऱ्या घरांत अकारण भीती पेरणारे आहे.

याचा अर्थ तिथे सारे चांगलेच होते, असा नाही. बालपणी तिथे रुग्ण असलेल्या ॲन शॉ आणि इतिहासकार कॅरोल रीव्ह्ज यांनी जुन्या रुग्णांच्या आठवणी गोळा करून २००९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. मुलांना पट्ट्यांनी खाटेला बांधून ठेवत आणि आईवडिलांची भेट महिन्यातून एकदाच होई, असे त्यांत रुग्ण स्वतः सांगतात. ही कठोरता होती, आणि तिच्याबद्दल त्या मुलांच्या तोंडूनच ऐकावे. मजकूर रचणाऱ्याने त्यांपैकी एकाचीही साक्ष दिलेली नाही.

टाळे ठोकल्याची गोष्टही खोटी आहे. औषधे आल्यावर क्षयाची आरोग्यधामे सगळीकडेच रिकामी होऊ लागली. औषधे मिळाली तर घरी राहणारा रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे मद्रासमधील अभ्यासाने १९५९ सालीच दाखवून दिले होते. क्रेग-इ-नोसमध्ये क्षयरोग्यांच्या जागी वृद्ध रुग्ण आले आणि तिथले रुग्णालय १९८६ पर्यंत चालू राहिले.