इंग्रजी शब्दांची वारसनोंद

तलाठी भरतीच्या परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे असतात, हे शासनाने ठरवले. परंतु घरात बी. ए. झालेला माणूस रिकामा बसलेला असताना पुतण्याच्या शिकवणीवर पैसे का घालवावेत, हे आमच्या स्वयंपाकघरात ठरले. तुरीची सोंगणी आटोपली होती, त्यामुळे मला सबबही उरली नव्हती.

समानार्थी शब्दांचे प्रकरण वरवर सोपे दिसते. 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल' हे तिन्ही शब्द राजाचेच. मात्र पहिला अस्सल इंग्रजी, दुसरा फ्रेंचमधून आलेला आणि तिसरा थेट लॅटिनमधून उचललेला, त्यामुळे वारसनोंद तपासल्याखेरीज कोणता कुठे शोभतो हे कळत नाही. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे दीर्घकाळ दरबाराची व बड्यांच्या पंगतीची भाषा फ्रेंच झाली. म्हणून गोठ्यातली काऊ, शीप आणि पिग इंग्रजीच राहिली, आणि ताटात पडताच त्यांचे बीफ, मटण व पोर्क झाले. हा इतिहास मी घसा कोरडा करून सांगितला, तेव्हा पुतण्या शांतपणे म्हणाला, "म्हंजे राखनारा अलग आन् खानारा अलग. आपल्या कापसाचंबी तसंच हाय नं, मोठेबाबा!" यावर माझ्या बी. ए.पाशी उत्तर नव्हते.

खरी दैना समान उच्चाराच्या शब्दांनी केली. या पठ्ठ्याने सगळे शब्द वहीत देवनागरीतच उतरवले होते. परिणामी एका पानावर 'सन म्हणजे सूर्य', पुढच्या पानावर 'सन म्हणजे मुलगा', आणि मराठीतला सन पुन्हा वेगळाच. 'नाइट' कुठे रात्र होती, तर कुठे चिलखत घातलेला सरदार. सरदाराच्या स्पेलिंगमधला 'के' पूर्वी इंग्रज खरोखर उच्चारत असत. तो उच्चार वारून कित्येक शतके लोटली, तरी स्पेलिंगच्या सातबाऱ्यावरून त्याचे नाव कोणी कमी केलेले नाही.

'इन' लागला की अर्थ उलटतो, हा नियमही त्याने फारच मनावर घेतला. पाटीजवळ थांबलेल्या पेट्रोलच्या टँकरवरचे 'इन्फ्लेमेबल' वाचून त्याने तो न पेटणारा ठरवला आणि आडोशाला बिडी काढणाऱ्या एका आजोबांना तसा दिलासाही दिला. तिथला 'इन' नकाराचा नसून 'आत' अशा अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे, आणि फ्लेमेबल व इन्फ्लेमेबल दोन्ही सारखेच पेटतात, हे व्याकरण मी आयुष्यात प्रथमच धावत जाऊन शिकवले.

शब्दांच्या सोयरिकी त्यामानाने लवकर जुळल्या. चहा 'स्ट्राँग' असतो आणि पाऊस 'हेवी', याचे कारण विचारू नये. आपणही थंडी कडाक्याची म्हणतो, मुसळधार म्हणत नाही.

शेवटी स्वतःचाच विरुद्धार्थी असलेला शब्द आला. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन' म्हणजेच निर्बंध, हे गळी उतरवायला संध्याकाळ जाईल, या हिशेबाने मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. पण पीककर्जाच्या कागदांसाठी बापासोबत हेलपाटे घातलेल्या त्या पोराला उदाहरणाचीही गरज पडली नाही.

"हे पाठ कराचं काम नाई, मोठेबाबा," तो म्हणाला. "बँकेतले सायेब दोन्ही अर्थानं एकाच टायमाले बोलते."