पाखरं पेनड्राइव्हमध्ये मावत नाहीत

आईला इंटरनेट नको असतं, पाखरं हवी असतात. ती राहते तिथे नेटवर्क मनात आलं तर येतं, त्यामुळे निसर्गाचे व्हिडिओ उतरवायचे, पेनड्राइव्हवर भरायचे आणि तिच्या टीव्हीपर्यंत पोचवायचे, हे खातं माझ्याकडे आहे. मी ते मागितलं नव्हतं. पण घरातला एखादा माणूस कॉम्प्युटरसमोर बसलेला दिसला की त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, असा बाकीच्यांचा समज होतो आणि तो कितीही काम बिघडवलं तरी जात नाही.

या वेळचा हुकूम फोनवर आला. "ती पाण्यावर पळणारी पाखरं आण."

"कुठली गं?"

"अरे, जोडीनं पळतात बघ, माना वाकड्या करून. लग्न ठरल्यासारखी."

एवढ्या वर्णनावरून पाखरू ओळखायचं. ओळखलं. टिबुकलीच्याच कुळातला, उत्तर अमेरिकेतला वेस्टर्न ग्रीब. नर-मादी पाण्यावर उभे राहतात आणि सेकंदाला वीसेक पावलं टाकत खरोखरच धावतात. बुडत नाहीत. आपण पाहत राहतो.

आता शोध. "पाण्यावर पळणारे पक्षी" असं टाकलं की पहिल्यांदा येतो झोप लागण्यासाठीचा दहा तासांचा पाऊस. मग मगर विरुद्ध सिंह. मग एक थंबनेल, ज्यात लाल बाण आहे, लाल वर्तुळ आहे, तोंडावर हात ठेवलेला एक माणूस आहे आणि पाखरू नाही. यावर उपाय एकच, आणि तो मी फुकट सांगतो: प्राण्याचं शास्त्रीय नाव टाकायचं. 'एकमोफोरस ऑक्सिडेंटॅलिस' हे टंकायला त्रास होतो, पण लाल बाणवाल्यांनाही तो होतोच, म्हणून ते तिकडे फिरकत नाहीत. तिथे भेटतात ती साधी माणसं, जी तळ्याकाठी तिपाई लावून गप्प उभी राहतात आणि व्हिडिओला तारखेखेरीज दुसरं नाव देत नाहीत.

पाखरू सापडलं तरी ते खरं आहे का, ही नवी डोकेदुखी. २०२५ च्या जुलैमध्ये रात्रीच्या कॅमेऱ्यात ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारे ससे जगभर फिरले. कोट्यवधी लोकांनी पाहिले, हसले, पुढे पाठवले. ससे संगणकाने बनवलेले होते आणि त्यातला एक मधेच हवेत नाहीसा होतो, हे नंतर ध्यानात आलं. आमच्या भाच्याचं म्हणणं, "मामा, मजा आली ना, मग खरं कशाला हवं?" या पिढीशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण खोटेपणा या पिढीने आणला असंही नाही. १९५८ च्या एका नामांकित माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करताना दाखवले होते. प्रत्यक्षात ते बाहेरून आणून ढकललेले होते. लेमिंग बिचारे आजतागायत आत्मघातकी म्हणून बदनाम आहेत.

याहून वाईट प्रकार म्हणजे 'सुटकेचे' व्हिडिओ. अजगराच्या विळख्यात कुत्र्याचं पिल्लू, आणि ते वाचवणारा देवमाणूस नेमका तिथून चाललेला. कॅमेरा मात्र त्याच्या आधीच पोचून, चांगला कोन धरून बसलेला. असलं काही दिसलं की पाहत बसू नये, तक्रारीचं बटण दाबावं. पिल्लाला तिथे ठेवणाराही बहुतेक तोच असतो.

आवाजाचंही तेच. लांबच्या भिंगाने अर्धा मैल पलीकडचं अस्वल दिसतं, पण त्याचं चघळणं ऐकू येत नाही. ते नंतर स्टुडिओत कोणीतरी काहीतरी चुरगाळून करतं. आणि पडद्यावर अमेरिकेतला पांढऱ्या डोक्याचा गरुड झेपावताना जी अंगावर काटा आणणारी किंकाळी येते, ती बऱ्याचदा त्याची नसतेच. ती लाल शेपटीच्या ससाण्याची. गरुडाचा स्वतःचा आवाज बारीक, चिवचिवाटाकडे झुकणारा आहे, आणि त्या चेहऱ्याला तो शोभत नाही असं संकलकांनी परस्पर ठरवून टाकलंय. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग ससाण्याला पैसे देतात का?"

पण खरा घोळ चित्राचा. तो जरा सविस्तर सांगितलाच पाहिजे, कारण माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. व्हिडिओ दाबून लहान करायची युक्ती अशी: प्रत्येक चौकट (फ्रेम) पूर्ण साठवायची नाही, आधीच्या चौकटीपेक्षा जे बदललं तेवढंच लिहून ठेवायचं. बातम्या वाचणारा माणूस या युक्तीला फार मानवतो. मागची भिंत तीच, कोट तोच, टेबल तेच, हलतात ते फक्त ओठ. यंत्र खूश. आता त्याच यंत्राला तळं द्या. पाण्याचा एकही थेंब मागच्या चौकटीत होता तिथे नाही. वर पाऊस, काठाला वाऱ्याने हलणारं गवत, एकेक पातं वेगळ्या दिशेला. यंत्र घाबरतं आणि हाती लागेल ते चौकोन भरून देतं. हजारो भोरड्या संध्याकाळच्या आभाळात एकदम वळतात, ते अद्भुत दृश्य मी आजवर कित्येकदा पाहिलं आहे, पण नेट मंद असेल तर राखाडी फरशीच्या रूपातच. बर्फ पडायला लागला की तर विचारूच नका. सबंध निसर्गात या यंत्राला सुखाने पाहता येईल असा प्राणी म्हणजे झोपलेली मगर.

म्हणून निसर्ग पाहायचा तर आकडा मोठा लावावा लागतो. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, एका चौकटीत सुमारे ८३ लाख ठिपके, १०८०पीच्या, म्हणजे फुल एचडीच्या, चौपट. इथे लोक मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत करतात आणि मग कंपनीच्या नावाने ओरडतात. आठ बिटांचा एक बाइट. तुमचं नेट ४० मेगाबिटचं असेल तर सेकंदाला येतात फक्त ५ मेगाबाइट. सेकंदाला १६ मेगाबिट खाणारी तासाभराची फिल्म ७.२ जीबीची होते. कागदावर ती २४ मिनिटांत उतरते. कागदावर.

उतरवायची कुठून, हाही प्रश्नच. मोठ्या व्हिडिओ ॲपांमधलं 'ऑफलाइन' बटण दाबलं तर व्हिडिओ त्या ॲपच्याच पोटात राहतो. पेनड्राइव्हवर नेता येत नाही. आणि 'कुठलाही व्हिडिओ मोफत उतरवा' म्हणणाऱ्या पानांवर डाउनलोडची पाच हिरवी बटणं असतात. त्यातली चार जाहिराती असतात, पाचवं बटण दर दाबण्याला जागा बदलतं. रंग बदलून भक्ष्याची वाट पाहणं निसर्गातच असतं असं ज्याला वाटतं, त्याने हे पान एकदा पाहावं. उतरलेल्या फाइलच्या नावाचं शेपूट मात्र नीट तपासा. 'ग्रीब.एमपी४' ठीक. 'ग्रीब.एमपी४.ईएक्सई' असेल तर ते पाखरू नाही, आणि ते घरटं तुमच्या मशीनमध्ये करणार आहे.

सरळ मार्ग आहेत, फक्त त्यांच्यावर हिरवी बटणं नसतात. विकिमीडिया कॉमन्स आहे. इंटरनेट अर्काइव्ह आहे, १९९६ पासून. अमेरिकी सरकारी खात्यांनी स्वतः काढलेलं चित्रण, मग ते राष्ट्रीय उद्यानांचं असो की 'नोआ' या त्यांच्या समुद्र-हवामान खात्याच्या बोटीने खोल समुद्रात टिपलेलं, बहुतांशी सगळ्यांसाठी खुलं असतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिसला की नाव देऊन वापरा, अटी मात्र वाचा. अशाच एका मोकळ्या परवान्याच्या तासाभराच्या फिल्ममध्ये मला आईची पाखरं मिळाली.

७.२ जीबी. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, कोराकरकरीत. कॉपी करायला घेतलं तर कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. बत्तीसमध्ये सात बसत नाहीत! हे गणित शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. कारण असं की पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने आखलेला असतो, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी चालतच नाही, भले बाकीचं घर रिकामं पडलेलं असो. मग तो एक्सफॅट या नव्या पद्धतीने आखून घेतला. आता फाइल सुखाने आत गेली आणि टीव्हीने पेनड्राइव्ह ओळखायलाच नकार दिला, कारण आईच्या टीव्हीचा जन्म त्या ओळखीच्या आधीचा आहे.

शेवटी १०८०पी, ८ मेगाबिट, ३.६ जीबी, अंग चोरून चाराच्या आत. फॅट३२ खूश, टीव्ही खूश. पडद्यावर मात्र अंधार, आणि अंधारातून पाण्याचा छपछप आवाज. फाइल एव्ही१ची होती. व्हिडिओ दाबायची ही पद्धत २०१८ ची, टीव्हीला येते ती २००३ ची एच.२६४. म्हणजे हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये घालून पुन्हा सगळं रूपांतर करणं आलं. लॅपटॉपचा पंखा अशा वेळी जो आवाज करतो तो कुठल्याही माहितीपटात घ्यायला हरकत नाही.

रूपांतर चालू असताना करायचं काय? मी माशांची घंटा वाजवतो. हे खरं आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात कालव्यावर एक दार आहे. वसंतात मासे अंडी घालायला वर निघतात आणि बंद दारापाशी अडकतात. २०२१ पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा आहे. जगातल्या कोणीही घरी बसून तो पाहायचा, मासा दिसला की बटण दाबायचं. फोटो तिथल्या माणसाकडे जातो, मासे साठले की तो दार उघडतो. बराच वेळ नुसतं हिरवं पाणी. पण ते हलत नसल्यामुळे चित्र इतकं स्वच्छ येतं की काय सांगू. आणि हा एकच निसर्गाचा व्हिडिओ असा आहे, जिथे बटण एकच असतं आणि ते दाबल्यावर खरंच काहीतरी उघडतं.

पेनड्राइव्ह पोचला. टीव्हीने तो ओळखला, पाखरं दिसली, आवाजही आला. संध्याकाळी फोन.

"तासभर बसले मी. नाच सात सेकंदांचा आहे."

"आई, तो तेवढाच असतो. एवढं पळून ती दमतात."

"मग हळू करून पाठव."

मी समजावलं. सेकंदाला २५ चौकटी, पाखराची पावलं २०, म्हणजे एका पावलाच्या वाट्याला सव्वा चौकट. कितीही हळू केलं तरी मधलं पाऊल कुठून आणणार? त्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो, सेकंदाला शेकडो चौकटी घेणारा, आणि त्याची फाइल कितीतरी मोठी.

"बरं," आई म्हणाली. "पेनड्राइव्ह परत पाठवते. मोठा आहे ना तो, बत्तीसचा?"